दार ते दार साडेबावीस

पृथ्वी गोल आहे हे शाळेत सगळेच शिकतात. पण ती गोल आहे या गोष्टीचा मनापासून राग येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. "सपाट असती तर फूटपट्टीने काम भागलं असतं," ते म्हणतात. "गोल आहे म्हणून दोरा लागतो." जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांची नावं घ्या, आमचे साडू त्यांच्यामधलं हवाई अंतर, उड्डाणाचा वेळ आणि वारा उलटा असेल तर वर किती मिनिटं धरायची, हे हातातला चहाचा कप खाली न ठेवता सांगतात. एकदा त्यांची फजिती करायची म्हणून मी मुद्दाम विचारलं, "शॅनन ते बुलढाणा?" बुलढाण्याला विमानतळ नाही, हे मला ठाऊक होतं. साडूंनी डोळे मिटले, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "धावपट्टी कुठे टाकणार, त्यावर आहे. गावाच्या पश्चिमेला टाकली तर चार किलोमीटर वाचतील." त्या दिवसापासून मी त्यांची परीक्षा घेणं सोडून दिलं.

आमची पहिली भेट नागपूरला, मी मुलगी बघायला गेलो तेव्हाची. सासरे पगार विचारत होते, सासूबाई पत्रिका विचारत होत्या, आणि कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीतून थोरल्या जावयांनी विचारलं, "पुण्याहून कशाने आलात?" मी म्हटलं, "बसने." त्यांनी माझ्याकडे इतक्या करुणेने पाहिलं की मला वाटलं, बसला अपघात झालाय आणि मला अजून कळलेलं नाही. "विमानाने सव्वा तास. बसने साडेतेरा. म्हणजे सव्वाबारा तास तुम्ही आयुष्यातून वजा केलेत." सासऱ्यांनी पगाराचा विषय तिथेच सोडला आणि माझ्या अकलेबद्दल चौकशी सुरू केली. पुढे लग्नात, अंतरपाटाच्या अलीकडे मी घामाघूम उभा असताना, हेच गृहस्थ माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, "साडभाऊ, हनिमूनला बाली म्हणे? मधे थांबावं लागतंय. मी दुसरा मार्ग काढलाय, दोन तास दहा मिनिटं कमी." मंगलाष्टकं चालू होती. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत सगळे अक्षता टाकताहेत आणि नवरदेव "कुठून?" असं विचारतोय, हे आजही स्पष्ट दिसतं.

दैवयोग असा, की आम्ही दोघेही आयर्लंडला आलो. मी डब्लिनजवळ ॲडम्सटाउनला, आणि साडू पार पश्चिमेला शॅननला. शॅनन हे विमानतळाच्या कुशीत वसलेलं गाव. इथे माणसं कारखान्यांसाठी येतात, साडूही कागदोपत्री त्यासाठीच आले. शरीरात बसवायच्या नळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात ते व्हॅलिडेशनचं काम करतात. म्हणजे एखादं यंत्र म्हणतं तसं खरंच वागतं का, हे सिद्ध करायचं. त्यांच्या धंद्याचा एक नियम आहे: कुठलीही गोष्ट लागोपाठ तीन वेळा करून पाहिल्याशिवाय खरी मानायची नाही, आणि एकदा खरी ठरली की तिच्यात काडीचाही बदल करायचा नाही. बदल केलात, की पुन्हा पहिल्यापासून तीन वेळा. हा नियम कारखान्यातच ठेवून घरी येण्याची सोय असती तर माझी मेव्हणी सुखी झाली असती. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. ताईच्या घरी वरणाची फोडणी बदलायची झाली, तर मधे तीन बुधवार जातात.

त्यांच्या घरात पृथ्वी हॉट प्रेसमध्ये असते. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं जे कपाट, ते हॉट प्रेस. तिथे टॉवेलांच्या चळतीवर साडूंचा पृथ्वीगोल ठेवलेला असतो, कारण दमट हवेत त्याचा कागद फुगतो आणि आफ्रिका रुंदावते. नागपूरच्या जागी टाचणी टोचून टोचून एवढं भोक पडलंय, की त्यातून बोट घातलं तर आत प्रशांत महासागराला लागावं. एकदा दिवाळीच्या फराळाला आमच्याकडे आले तेव्हा पृथ्वी आणायला विसरले. मग त्यांनी फळांच्या टोपलीतलं एक संत्रं घेतलं, त्यावर बॉलपेनने आयर्लंड काढलं, ग्रीनलंड काढलं, नागपूर काढलं, माझ्या बायकोच्या शिवणाच्या डब्यातला दोरा ताणून धरला आणि बारा पाहुण्यांना पाऊण तास समजावलं, की विमान सरळ न जाता वरून वळसा घेऊन का जातं. नंतर कुणीतरी नकळत ते संत्रं सोललं. साडूंनी सालं गोळा करून पुन्हा पृथ्वी जुळवायचा प्रयत्न केला. पण ग्रीनलंड कचऱ्यात गेलं होतं.

एवढं सगळं वाचून तुम्ही म्हणाल, माणसाला छंद असतो एखादा. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होतो. मग एकदा ताईने सांगितलं, की बाकीची सगळी अंतरं हा नुसता सराव आहे. खरा आकडा एकच: साडेबावीस.

साडूंची आई वर्ध्याला एकटी राहते. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, सहावारीतही नऊवारीचा दरारा असलेली बाई. साडू आयर्लंडला निघाले तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला होता: "किती लांब आहे रे?" यांनी किलोमीटर सांगितले. आठ हजार आणि वर काहीतरी. ते 'काहीतरी' त्यांना पाठ आहे, मला नाही. आई म्हणाली, "ते कावळ्याले सांग. मी हाक मारली तं तू दारात किती वेळात येशीन, ते सांग." उत्तर द्यायचं तर यांच्या धंद्याच्या नियमाने द्यायला हवं. म्हणून पहिल्या दोन वर्षांत साडूंनी तो प्रवास लागोपाठ तीन वेळा केला, हातात वही घेऊन. शॅननच्या घराचं दार, विमानतळ, लंडन, मुंबई, नागपूर, मग टॅक्सी आणि वर्ध्याचं दार. एकदा बावीस तास दहा मिनिटं, एकदा बावीस पन्नास, एकदा बरोबर साडेबावीस. सरासरी साडेबावीस. आकडा कायम झाला, वहीवर सही झाली, आणि आईला कळवण्यात आलं.

आईने त्या आकड्याचं जे केलं, ते साडूंनी स्वप्नातही पाहिलं नसेल. तिने त्याचं शस्त्र केलं. सिलिंडरवाला उशिरा आला की, "मुलगा साडेबावीस तासांत येऊन उभा राहतो, समजलं?" नळ दुरुस्त करणाऱ्याला तेच, बँकेतल्या मॅनेजरला तेच. गल्लीतल्या लोकांची अशी समजूत झाली की हिचा मुलगा परदेशात अग्निशामक दलात आहे. आणि दर रविवारी फोन ठेवण्यापूर्वी ती विचारायची, "बाबू, साडेबावीसच ना?" साडू म्हणायचे, "साडेबावीसच, आई." दोघांच्याही छातीवरचं काहीतरी पुढच्या रविवारपर्यंत हलकं व्हायचं. तो माणूस परदेशात राहत नव्हता; तो वर्ध्यापासून साडेबावीस तासांवर राहत होता. यातला फरक मला फार उशिरा कळला.

मग दोन हजार वीसचा मार्च उजाडला आणि विमानं बंद झाली.

माझं ऑफिस घरात आलं, ॲडम्सटाउनच्या स्टेशनातून रिकाम्या गाड्या जायला लागल्या, लोक खिडक्यांतून एकमेकांना हात हलवायला लागले. सरकारने सांगितलं, घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. ज्या माणसाने आयुष्य हजारांत मोजलं, त्याला कुणी दोनात कोंडलं तर काय होईल? साडूंनी हॉट प्रेसमधला दोरा काढला, शॅननच्या नकाशावर वर्तुळ आखलं आणि त्यांच्या लक्षात आलं की विमानतळाचं टर्मिनल तीन किलोमीटर चारशे मीटरवर आहे. वर्तुळाच्या बाहेर. ते रोज सकाळी दोन किलोमीटर चालत जायचे, वर्तुळाच्या काठावर उभे राहायचे आणि टर्मिनलच्या दिशेने बघत बसायचे. शेजारच्या आयरिश आजोबांना वाटलं, याला विमानतळामागच्या खाडीची आवड आहे. मेमध्ये दोनाचे पाच किलोमीटर झाले तेव्हा लोक आईवडिलांना भेटायला धावले, आमचे साडू विमानतळाला भेटायला गेले. कुंपणाच्या आत विमानं शेपटीला शेपटी लावून उभी होती, इंजिनांवर झाकणं घातलेली. त्यांनी मला तिथून फोन केला. "साडभाऊ, त्रेपन्न आहेत," ते म्हणाले. "एकसुद्धा कुठे जात नाहीये." आवाज असा, की जणू त्रेपन्न नातेवाईक दवाखान्यात आहेत.

त्यानंतर फोनांचा जो सपाटा लागला त्याला तोड नाही. सकाळच्या चहाला फोन, दुपारच्या भाकरीला फोन, माझी कंपनीची मीटिंग चालू असताना फोन. "मालवाहू विमानात माणूस बसू शकतो का हो?" "जहाजाने गेलं तर सुएझवरून धरायचं की नको?" एकदा म्हणाले, "पायी काढलंय. रोज पंचवीस किलोमीटर चाललं तर आज निघून पुढच्या गुढीपाडव्याला वर्धा." मी म्हटलं, "आणि मधल्या समुद्राचं काय?" ते म्हणाले, "तेवढंच अडलंय." मी हसलो. पलीकडे कुणी हसलं नाही. ताईने मला नंतर सांगितलं की ते जेवतात अर्धं, झोपतात पाव, आणि मुलीने 'डॅड, आजी इज ग्रँड', म्हणजे इथल्या बोलीत आजी मजेत आहे, असं म्हटलं, तर 'ग्रँड म्हणजे किती?' असं विचारतात.

आणि दर रविवारी वर्ध्याहून प्रश्न यायचा, "बाबू, साडेबावीसच ना?"

आमचे साडू, जे बुलढाण्याच्या नसलेल्या धावपट्टीबद्दलसुद्धा कधी गोलमाल बोलले नाहीत, ते म्हणायचे, "साडेबावीसच, आई."

आयुष्यातला पहिला खोटा आकडा. तो दर आठवड्याला एकदा, ठरल्या वेळी, अकरा महिने ते बोलत राहिले. ताईने किती वेळा म्हटलं, सांगून टाका. मी म्हटलं, माझ्या बायकोने म्हटलं. ते म्हणायचे, "ती एकटी आहे हो. त्या आकड्याला धरून झोपते ती. तो काढून घेतला तर काय धरेल?"

फेब्रुवारीत, एका सोमवारी आमच्या सकाळी सात वाजता, म्हणजे वर्ध्याच्या दुपारी साडेबाराला, आकडा वसूल करायची वेळ आली. त्या सकाळी आई अंगणात नळाजवळ घसरली होती. खुब्याचं हाड मोडलं. शेजारच्या काकूंनी दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणाले ऑपरेशन लवकर करावं लागेल, फार थांबून चालणार नाही, सही करा. तर आई म्हणाली, "माझा मुलगा येते. साडेबावीस तास. उद्या सकाळी अकराले दारात उभा राहीन तो. मंगच मी सही करतो." काकूंनी समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. ती गणिताची बाई. जो आकडा तीन वेळा तपासला आहे, त्यावर तिचा डॉक्टरपेक्षा जास्त विश्वास.

साडूंनी काकूंशी बोलून मला फोन केला. आधी काकूंचं सगळं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. मग म्हणाले, "साडभाऊ, ती वाट बघतेय."

त्या दिवशी तिकीट शोधण्यात, प्रवासाआधीच्या कोविड तपासणीची वेळ मिळवण्यात, रजा घेण्यात आमची तिन्हीसांज झाली. तपासणीचा निकाल बुधवारच्या आत येणार नव्हता, विमान गुरुवारच्या आत मिळणार नव्हतं, तेही डब्लिनहून. शॅननहून लंडनचं विमानच नव्हतं. सोमवार संपला तरी साडूंनी आईला काही सांगितलं नाही. तीनदा फोन लावला, तिन्ही वेळा 'कसं वाटतंय' विचारून ठेवून दिला. आणि मंगळवारी पहाटे साडेपाचला, म्हणजे वर्ध्याला बरोबर अकराला, माझा फोन वाजला. "मी तिला व्हिडिओवर घेतोय. तुम्ही फक्त लाइनवर राहा. बोलू नका काही. नुसते राहा." मी ब्लँकेट पांघरून स्वयंपाकघरात बसलो. पडद्यावर एका चौकटीत साडू, दुसरीत दवाखान्याची खाट, उशी आणि चष्मा लावून मनगटावरच्या घड्याळाकडे बघणारी आई.

"पोहोचला का नागपूरले?" आईने विचारलं.

"नाही, आई."

"मंग कुठं आहे? मुंबईत?"

साडूंनी फोन दुसऱ्या हातात घेतला. मला वाटलं आता लंडन म्हणतात की काय. "शॅननलाच आहे, आई. घरी."

"काऊन?"

"विमानं नाहीत. गेल्या मार्चपासून धड नाहीत. साडेबावीस... ते साडेबावीस राहिले नाहीत. मी दर रविवारी खोटं बोलून राहिलो होतो."

बत्तीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या बाईची शांतता फोनमधूनसुद्धा कशी ऐकू येते, हे मला त्या पहाटे समजलं. मी ब्लँकेट आणखी वर ओढलं. माझाही गृहपाठ राहिला असावा असं वाटत होतं.

"अकरा महिने?" शेवटी ती म्हणाली.

"हो."

"मले वाटे टीव्हीवाले बाकीच्यांसाठी सांगून राहिले. माझा पोरगा म्हणे साडेबावीस, तं मी म्हटलं त्याचा काही वेगळा मार्ग असन. साऱ्या गल्लीशी भांडली मी तुझ्यापायी." ती थांबली. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "बरं. आता खरा किती आहे?"

"माहीत नाही, आई."

"माहीत नाही म्हणजे? इंजिनेर आहे ना तू? दहा का शंभर?"

"शंभराच्या वर. नक्की सांगता येत नाही. पण निघतोय मी. गुरुवारी."

"शंभराच्या वर," तिने स्वतःशी म्हटलं, फळ्यावर लिहिल्यासारखं. मग मान वळवली. "ओ सिस्टर, आणा तो कागद. कुठं करू सही?" पेन परत देता देता तिने पडद्याकडे बोट केलं. "आन् हे कोण बसले हो घोंगडी पांघरून?"

"साडभाऊ आहेत, आई."

"यायलेही माहीत होतं?"

मी माझा फोन उलटा ठेवला.

ऑपरेशन बुधवारी सकाळी झालं, नीट झालं. बुधवारी संध्याकाळी तपासणीचा निकालही आला, आणि ताई त्यांना मोटारीने आमच्याकडे घेऊन आली. वाटेत पोलिसांनी अडवलं. प्रवासाला सबळ कारण लागायचं ना तेव्हा. पोलिसाने विचारलं, "कुठे निघालात? किती लांब?" हा प्रश्न त्या माणसाला कुणी विचारू नये, आणि त्या संध्याकाळी तर मुळीच नाही. साडूंनी सुरुवात डब्लिनपासून केली. लंडन झालं, मुंबई झाली, नागपूरहून टॅक्सीचा रस्ता चालू होता, मागे मोटारींची रांग लागली होती. शेवटी तो तरुण पोलीस खिडकीत वाकून म्हणाला, "जा हो, जा. आईला बरं वाटू दे," आणि ताईच्या म्हणण्याप्रमाणे त्याने डोळे पुसले. मला वाटतं पाऊस असावा, पण ताईचं म्हणणं मी खोडत नाही.

आता त्यांची चूक सांगतो, कारण ती त्यांनाच शोभणारी होती. त्या रात्रीच्या जेवणाला ताई म्हणत होती, तिकीट बदला, दिल्लीवरून जा, माझी मैत्रीण गेलीय, दिल्लीवरून सुटका लवकर होते. साडूंनी हिशेब काढला. दिल्लीवरून चार तास चाळीस मिनिटं जास्त. शिवाय मुंबईचा मार्ग तीन वेळा तपासलेला, सहीचा. दिल्लीचा एकदाही नाही. "अशा वेळी न तपासलेल्या मार्गाने जायचं?" त्यांनी विचारलं, आणि भाताची मूद फोडली. मी मनात म्हटलं, एवढा अभ्यास असलेल्या माणसाला आपण काय सांगायचं. तीच माझी चूक.

ते मुंबईला शुक्रवारी पहाटे उतरले, अगदी वेळापत्रकाप्रमाणे, मिनिटाचाही फरक नाही. आणि तिथे त्यांना कळलं की युरोपातून मुंबईत उतरणाऱ्याने आधी सात दिवस हॉटेलात राहायचं. नियम छापलेला होता, जाहीर होता, साऱ्या जगाला माहीत होता. साडूंनी वेळापत्रकाचं प्रत्येक पान वाचलं होतं, हे एक सोडून.

हॉटेलच्या सातव्या मजल्यावरून त्यांनी मला फोन केला. खिडकीतून धावपट्टी दिसत होती म्हणे. "साडभाऊ, मुंबई ते नागपूर. हवाई अंतर सातशेला थोडं कमी. उड्डाण दीड तास." मग वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. "प्रवासाचा वेळ सात दिवस." मी काहीतरी गमतीचं बोलणार होतो, मला तेवढंच येतं. पण विचारलं, जेवण वेळेवर देतात का तिथे. त्या सात दिवसांत त्यांनी मला कुठल्याही दोन विमानतळांमधलं अंतर सांगितलं नाही. मीच एकदा, मन रमावं म्हणून, विचारलं, "टोकियो ते लिमा किती हो?" म्हणाले, "लांब आहे." एवढंच. त्या रात्री माझी बायको आणि मी खरोखर घाबरलो.

पुढच्या शुक्रवारी त्यांना सोडलं. संध्याकाळी साडेसातला टॅक्सी वर्ध्याच्या दाराशी थांबली. काकूंनी व्हिडिओ लावून ठेवला होता. शॅननला ताई आणि भाची, ॲडम्सटाउनला आम्ही दोघं, सगळे आपापल्या चौकटीत दाटीवाटीने. दारात आई चाकाच्या वॉकरचा आधार धरून उभी. उठायला डॉक्टरांनी परवानगी दिली होती, दारापर्यंत यायला दिली नव्हती. साडू फाटकातच उभे राहिले, तोंडावर मास्क, हातात बॅग, वर्गात उशिरा आलेल्या मुलासारखे. आईनेच भिंतीकडे बोट केलं. काकूंनी फोन तिकडे वळवला. कॅलेंडरवर, सोमवारपासून, तारखांच्या चौकोनांत पेन्सिलीने बारीक आकडे लिहिलेले होते. दवाखान्यात असतानाचे काकूंच्या हातचे, नंतरचे तिच्या. रोज चोवीस मिळवलेले.

"दोनशे एकाहत्तर," आई म्हणाली. "बरोबर आहे का, तपासून पाय."

साडूंनी घड्याळ पाहिलं नाही. "बरोबर आहे," ते म्हणाले.

"इतके दिवस मी काही रडली नाही, विचार हिले," तिने काकूंकडे मान केली. "काऊन, तं शंभराच्या वर हाय, हे माहीत होतं मले. त्या पहिल्या दिवशी मात्र साडेबावीस मोजता मोजता जीव गेला माझा. खरा आकडा सांगत जाय बाबू. खरा सांगतला, की वाट पाहता येते." मग आवाज एकदम वर. "आता हात धुवून घे आधी. अन् तोंडाचं ते काढ, जेवाचं काय मास्कातून?"

भाची तिकडे शॅननमध्ये ताईला विचारत होती, "मम, व्हाय इज डॅड क्राइंग? शी'ज ग्रँड." माझ्या बायकोने आमचा कॅमेरा बंद केला. म्हणाली, चार्जिंग संपतंय. चार्जिंग नव्वद टक्के होतं.

मार्चअखेर साडू परत आले, तेही दिल्लीवरून. दोन आठवडे आपल्याच घराच्या खोक्याएवढ्या खोलीत एकटे राहिले, आणि एप्रिलमध्ये तिकडची परिस्थिती अशी बिघडली की सगळं पुन्हा बंद झालं. आईला लस मिळाली आहे. ती वॉकरशिवाय स्वयंपाकघरापर्यंत जाते, असं काकू सांगतात. अंगणापर्यंत जाते, असं ती सांगते. वर्ध्याच्या बातम्या आल्या की आम्ही एकमेकांना फोन करतो आणि हवेबद्दल बोलतो.

परवा, या मेमधल्या एका रविवारी, आम्ही शॅननला गेलो होतो. साडू म्हणाले, चला, फिरून येऊ. मला माहीत होतं कुठे जाणार. कुंपणाशी उभे राहिलो. विमानं पूर्वीपेक्षा कमी होती, पण अजून होती. तिथेच आईचा फोन आला. आधी भाचीची चौकशी, मग ताईची, मग माझी. "ते घोंगडीवाले आले का?" असं विचारून. आणि शेवटी नेहमीचा प्रश्न, फक्त आता त्यात आकडा नसतो.

"बाबू, आज किती?"

साडूंनी आत बघितलं, धावपट्टीकडे. त्यांच्या ओठांवर मार्ग हलताना मला दिसत होते. हा बंद, तो बंद, याला परवानगी लागते, त्याचं तिकीटच नाही. तोंडावर येऊन थांबलेला तो जुना आकडा मला जवळजवळ ऐकू आला.

"आज नाही सांगता येत, आई," ते म्हणाले.

"बरं," पलीकडून आवाज आला. "मंग उद्या मोजून सांगजो."

फोन खिशात ठेवून साडू चालायला लागले. थोडं पुढे गेल्यावर मला म्हणाले, "साडभाऊ, तुमचं ॲडम्सटाउनच्या दारापासून पुण्याच्या दारापर्यंत किती?" पुण्याला माझे आईवडील आहेत. आयर्लंडमध्ये सात वर्षं काढली, यांची एवढी थट्टा केली, पण मी हे कधी मोजलं नव्हतं. मी म्हटलं, "माहीत नाही हो." ते थांबले, खिशातून दोऱ्याचं रीळ काढलं आणि माझ्या हातात दिलं.